शिशाचा एल

जमदाडेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळच्या स्लाऊच्या सुपरमार्केटात ट्रॉली घेऊन उभी होते. त्यांच्या मुलीचा, मेधाचा फोन होता. "पल्लवी, बाबा गेले. सकाळी," एवढंच म्हणाली. मी "अगं" म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि यादीतल्या राहिलेल्या वस्तू घेतल्या. बटाटेसुद्धा विसरले नाही. घरी येऊन कुकर लावला.

रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. नवरा म्हणतो, येईल. मी म्हणते, येईल. दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच गाल आपण चावला तरी कळत नाही, तसं काहीतरी झालंय. लिहून काही होतंय का, ते बघावं म्हणून बसले आहे.

लग्न होऊन मी पुण्याहून स्लाऊला आले त्या वर्षी इथल्या ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीत, फरशांच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर, एक मासिक निघायच्या बेतात होतं. जपानी चित्रकथांचं, म्हणजे मांगाचं. काढणाऱ्याचं नाव ग्रॅहम. आधी मोटारगाड्यांच्या मासिकात होता, मुलाच्या खोलीत ही चित्रकथांची पुस्तकं बघून पेटला. जपानमध्ये दर महिन्याला विटेएवढा जाड अंक निघतो, त्यात पाच-सहा गोष्टी क्रमशः चालतात, मग इंग्लंडमध्ये तसा का नको, असं त्याचं म्हणणं. मी तिथे पानं लावायला, म्हणजे त्यांची मांडणी करायला, लागले. मांगा म्हणजे काय ते मला कामाला लागल्यावर कळलं. ग्रॅहमलाही फारसं आधी कळलेलं नसावं.

जपानहून पानं यायची ती अर्थातच जपानी अक्षरांची. संवादाच्या फुग्यातलं जपानी काढून इंग्रजी घालणं सोपं. पण दार आपटल्याचा, पाऊस पडल्याचा, पातेलं घरंगळल्याचा आवाज तिथे मोठ्या अक्षरांत चित्रावरच काढलेला असतो. ती अक्षरं पुसली की खाली भोक पडतं. तिथलं दार, पाऊस, पातेलं कुणीतरी पुन्हा काढावं लागतं, आणि ते मूळच्याच हातानं काढल्यासारखं दिसावं लागतं. या कामाला माणूस हवा म्हणून ग्रॅहमनं लायब्ररीच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. ती वाचून जमदाडेकाका आले.

हॉस्पिटलमधल्या एक्स-रे काढण्याच्या नोकरीतून नुकतेच रिटायर झालेले. मूळचे मिरजेचे. थोरले भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यांच्या हाताखाली लहानपणी अक्षरं भरलेली. "घरी बसलो की मालतीच्या पायात पायात येतो. तीच म्हणाली, बाहेर पडा," असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला चार पेनं, आणि हातात स्टीलचा डबा. इंटरव्ह्यूला डबा घेऊन आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ग्रॅहमनं एक पान दिलं. वाफेनं भरलेली खोली आणि त्या वाफेवर भलीमोठी जपानी अक्षरं. ही काढून वाफ परत काढा, म्हणाला. काकांनी पान बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "विच साइड इज लेफ्ट?"

ग्रॅहम हसला. "द लेफ्ट साइड, आय सपोज."

काका हसले नाहीत. खिशातून त्यांनी शिशाची दोन अक्षरं काढली. एल आणि आर, नखाएवढी. एक्स-रे काढताना फिल्मच्या कडेला ही ठेवतात, म्हणजे डावं कुठलं, उजवं कुठलं याचा पुढे घोळ होत नाही. हॉस्पिटलनं निरोपाला घड्याळ दिलं होतं, पण काकांनी मागून घेतली ती ही अक्षरं. एल त्यांनी पानाच्या डाव्या कडेला चिकटपट्टीनं लावला आणि मगच ब्रश उचलला. अवघड रेघ आली की ते पुटपुटायचे, "श्वास घ्या. धरा." रेघ पुरी झाली की, "सोडा." सगळं आयुष्य लोकांना असं सांगण्यात गेलेलं. पुढे पुढे काका "धरा" म्हणाले की आम्हीही नकळत श्वास धरायचो. एकदा तर ग्रॅहम फोनवर बोलता बोलता गप्प झाला होता.

पहिल्याच अंकात भांडण झालं. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. इंग्रज वाचकाला ते जमणार नाही म्हणून त्या काळी पानं आरशात दिसतात तशी उलटी छापायची पद्धत होती. मी कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचे, की पान उलटं. सोपं होतं, आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

आमच्या पाच गोष्टींतल्या चार रोबो, शाळा आणि मारामाऱ्यांच्या. त्यांतली अक्षरं काका नीट पुसायचे, पण "या रोबोचं एकदाही हाड मोडत नाही, काय राम नाही यात," म्हणायचे. पाचवी वेगळी होती. बंदराच्या एका गावात जुना सार्वजनिक न्हाणीखाना, त्याचं उंच धुराडं, लाकडं घालून पाणी तापवणारा मालक, आणि वर्षागणिक कमी होत जाणारी गिऱ्हाइकं. बस. आम्ही दोघं तिला आपसात 'धुराडं' म्हणायचो. काढणारी बाई वयस्कर, आपल्या वडिलांचीच गोष्ट काढत होती. पहिल्या भागाच्या मागे तिनं वडिलांचा फोटो छापला होता. लाकडं कापायच्या यंत्रात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती.

काकांनी आमचं छापायला निघालेलं पान पाहिलं. त्यात मालकाच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती.

"मिस्टर जे, नोबडी विल नोटिस," ग्रॅहम म्हणाला.

"आय नोटिस्ड."

"यू आर नॉट द रीडर."

"त्या बाईच्या बापाचा धडधाकट हात तोडलास तू," हे काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले. उलटं करायचं बटण मी दाबलेलं असल्यामुळे मी गप्प बसले.

अंक उलटाच निघाला. पण घाईत एका पानाच्या कडेचा काकांचा एल कापायचा माझ्याकडून राहिला, आणि तो उलटा छापला गेला. अंकासोबत वाचकांसाठी पोस्टकार्ड असायचं. कुठली गोष्ट आवडली, कुठली नाही, ते क्रमानं लिहून पाठवायचं. ही जपानी मासिकांची जुनी चाल, आणि शेवटच्या नंबरावर रेंगाळणारी गोष्ट बंद करतात. त्या महिन्याच्या कार्डांवर मुलांनी क्रम लिहिलेच, पण खाली विचारलं होतं, तो उलटा एल कसला आहे? कोडं आहे का? बक्षीस आहे का?

काकांनी प्रत्येकाला आपल्या टपोऱ्या अक्षरात उत्तर लिहिलं. एक्स-रेवर एल उलटा दिसला तर समजावं की आपण त्या माणसाला पाठीमागून बघतोय. तुम्ही ही सगळी गोष्ट पाठीमागून बघताय. ग्रॅहमला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं ते पुढच्या महिन्यात, जेव्हा कार्डांवर कार्डं आली की आम्हाला समोरून बघायचंय. ग्रॅहम संतापला, दोन दिवस काकांशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी, आपल्यालाच सुचल्यासारखं, पुढचं वर्ष लागलं की अंक उजवीकडून सुरू करायचा म्हणून जाहीर केलं. काकांनी डब्यातली शंकरपाळी सगळ्यांना वाटली. जिंकल्याची म्हणून नाही, मालतीकाकूंनी जास्त केली होती म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा एक किस्सा ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावा लागे. इंग्लंडात नवीन आलेले, कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात असतानाची गोष्ट. एका मोठ्या सर्जननं ऑपरेशनच्या खोलीत एक्स-रे उलटा लावला होता. काका दुसरंच काहीतरी द्यायला गेलेले, त्यांना दारातून दिसलं. विशीतला पोरगा, इंग्रजी मिरजेचं, आणि समोर ज्याच्या खोकल्यानं नर्सेस उभ्या राहायच्या असा माणूस. काकांनी काचेवर टकटक केलं. "सर, युअर फिल्म इज राँग वे." सर्जन असा ओरडला की काकांच्या हातातला ट्रे पडला. पण फिल्म उलटीच होती. आभार कुणी मानले नाहीत.

"दिसलं की सांगायचं," काका म्हणायचे. "समोर कोण उभाय ते नंतर बघायचं. लाज वाटली तर सांगून झाल्यावर वाटून घ्यायची."

मी हे शंभर वेळा ऐकलं असेल. शंभर वेळा मान डोलावली.

वर्षं गेली. मासिकाचं बाळसं उतरत गेलं. पोस्टकार्डं संपली, क्रम वेबसाइटवर लावायला लागले. पुढे आवाजाची जपानी अक्षरं तशीच ठेवून शेजारी बारीक इंग्रजी लिहायची पद्धत आली, पुसायचं काम कमी झालं. जे उरलं ते कॉम्प्युटरवर. मग अंक फोनवर निघाला आणि छापील प्रती हट्टी वर्गणीदारांपुरत्या उरल्या. रोबो बदलले, शाळा बदलल्या. एकटं धुराडं चालू राहिलं, कारण ती बाई वर्षाला चार-पाचच भाग काढायची आणि क्रमात ते कायम मधे कुठेतरी असायचं. त्याची पानं तेवढी काका अजून कागदावर करायचे. मी मोठी छापून द्यायचे, ते पांढऱ्या रंगानं आणि पेननं करायचे, मी परत कॉम्प्युटरवर घ्यायचे. ग्रॅहम यावर कुरकुरायचा, पण कधी बंद मात्र केलं नाही.

मधे मालतीकाकू गेल्या. पंधराव्या दिवशी काका डबा घेऊन हजर. डब्यात ब्रेड होता. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "पल्लवी, हे धुराडं संपेपर्यंत मला येऊ दे. शेवटचं पान मी करणार. मग काय व्हायचं ते होऊ दे." मी म्हटलं, काका, तुम्हाला कोण नाही म्हणणार आहे. त्यानंतर त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. मेधा बेसिंगस्टोकला आयटीत आहे, तिकडे राहायला चला म्हणून मागे लागली होती. तिलाही त्यांनी हेच सांगितलं.

गेल्या वर्षी जपानहून कळलं, आता तीनच भाग राहिले.

तीनांतल्या पहिल्याची पानं काकांनी मला दिली तेव्हा वरचंच पान बघून मी थबकले. उजवा अर्धा भाग नेहमीसारखा, केसाएवढीही चूक नाही. डाव्या अर्ध्यात जपानी अक्षरं तशीच.

"झालं?" मी विचारलं.

"झालं की. बघ."

पुढची पानंही तशीच. प्रत्येकाचा डावा भाग न करता सोडलेला. एल नव्हता लावलेला. मला वाटलं थकले, चष्म्याचा नंबर वाढला, मन लागत नसेल. सांगावं असं वाटलं आणि जीभ उचलेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्यानं मला ब्रश धरायला शिकवलं, त्याला "काका, अर्धंच झालंय" कसं म्हणायचं? शिवाय ग्रॅहमच्या कानावर गेलं असतं तर त्यानं लगेच काम कॉम्प्युटरवर घेतलं असतं, आणि शेवटचं पान काकांच्या हातून गेलं असतं. मी पानं घरी नेली आणि डावा भाग मी केला. छापून आल्यावर काकांनी अंक चाळला. "बरं आलंय," म्हणाले. मला तेव्हा आपण फार चांगलं वागतोय असं वाटलं होतं.

दुसऱ्या भागाच्या वेळीही तेच. त्या महिन्यात त्यांच्या डाव्या गालाची दाढी राहिलेली असायची. मला वाटलं, एकटा माणूस, बाथरूममध्ये उजेड कमी असेल. डब्यातला भात अर्धाच खायचे, डावीकडचा तसाच. "भूक नाही राहिली गं आता," म्हणायचे. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायचा, तेव्हा म्हणायचे की दार अरुंद झालंय. हे सगळं मी रोज बघत होते. आपल्याकडे मोठ्यांच्या चुका झाकायच्या असतात, त्यांच्या तोंडावर काढायच्या नसतात, हे आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं. दाढीबद्दलसुद्धा बोलले नाही.

तिसऱ्या भागाची पानं आली त्या आठवड्यात काका आमच्याच जिन्यावरून पडले. डावीकडची पायरी दिसलीच नव्हती.

हॉस्पिटलमध्ये कळलं की मेंदूत उजव्या बाजूला पक्षाघाताचे लहान लहान झटके येऊन गेलेत. एकदम नाही, एकामागून एक. अशा माणसाला जगाची डावी बाजू नसतेच. डोळे चांगले असतात, पण डावीकडे काही असेल हे मनातच येत नाही. आणि त्यालाही ते कळत नाही, दुसऱ्या कुणी सांगितलं तरच. डॉक्टरनं मेधाला विचारलं, हे कधीपासून? लवकर कळलं असतं तर पुढचे झटके कदाचित टाळता आले असते. मेधानं तिच्या इथे वाढलेल्या मराठीत मला विचारलं.

"पल्लवी, तू रोज बाबाला बघत होती ना? तुला काही डिफरंट वाटली? एनीथिंग?"

"नाही गं," मी म्हणाले. "काहीच नाही."

तिनं माझा हात दाबला. थँक्यू म्हणाली. ग्रॅहम बाहेरच्या खुर्चीत बसला होता, म्हणाला, "आय वुड हॅव टोल्ड हिम. टु हिज फेस." त्याला काही माहीत नव्हतं, जिन्याचा दिवा गेलाय हे कळलं असतं तर काकांना सांगितलं असतं, एवढंच तो म्हणत होता. तरी मी त्याच्याकडे पाहू शकले नाही. गालाचं ते इंजेक्शन बहुतेक तिथेच सुरू झालं.

शेवटचा भाग मी एकटीनं केला. शेवटच्या पानावर न्हाणीखाना बंद होतो. मालक भट्टी विझवतो, पाटी उतरवतो. उजवीकडून वाचत आलं की अगदी शेवटची चौकट येते खाली, डाव्या कोपऱ्यात. दाराला कुलूप लावणारा त्याचा हात. फक्त हात, तीन बोटांचा.

काकांना तेव्हा नर्सिंग होममध्ये हलवलं होतं. अंक घेऊन जायच्या आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ही चौकट त्यांना दिसणारच नाही. वीसेक वर्षं ज्याची वाट पाहिली ते नेमकं डाव्या कोपऱ्यात. मग मी काय केलं, तर कॉम्प्युटर उघडून तेच जुनं बटण दाबलं. शेवटचं पान आरशातल्यासारखं उलटं करून छापलं. चौकट उजवीकडे आली. त्यांच्या बाजूला. पुन्हा एकदा काही न बोलता निभावून न्यायचा माझा बेत होता.

काका खिडकीजवळ खुर्चीत होते. राहिलेली अर्धी दाढी कुणीतरी नीट केली होती. मी पान त्यांच्या मांडीवर ठेवलं. "काका, धुराडं संपलं. शेवटचं पान."

त्यांनी पाहिलं. बोट फिरवत कुलपाच्या चौकटीवर आले. हातावर थांबले. 

"पल्लवी, फिल्म उलटी लावलीयस."

मी खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला ओढली.

"उजव्या हाताची नाही गेली बोटं. डाव्या हाताची. उलटं का केलंस?"

तेव्हा मी सांगितलं. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही काका. गेल्या दोन भागांपासून. डावी अर्धी पानं मी करत होते. दाढी, भात, दार, सगळं दिसत होतं मला. मेधाशी खोटं बोलले. एका दमात बोलले, आवाजही हलला नाही माझा. मला माझीच किळस आली.

काकांनी खिडकीकडे पाहिलं, म्हणजे खिडकीच्या उजव्या तावदानाकडे. मग म्हणाले, "पहिल्याच पानाला सांगायला पाहिजे होतंस की गं." रागानं नाही. ब्रश चुकीचा धरला होता तेव्हा सांगितलं होतं, त्याच आवाजात. "मेधाला आज सांग. आता ते सरळ पान दे."

मी अंकातलं सरळ पान उघडून ठेवलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून चाचपून एल काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "डाव्या कडेला लाव. हा सापडेपर्यंत मी बघत जाणार. तू सांगू नकोस कुठाय ते."

मी चिकटपट्टी लावून एल पानाच्या कडेला बसवला. काकांनी उजवीकडून सुरुवात केली. भट्टी, पाटी, रिकामे बाक. पानाच्या मध्यावर आले आणि तिथेच थांबले, त्यांच्या दृष्टीनं पान तिथे संपलं होतं. मान पुढे ढकलायला त्यांना फार कष्ट पडत होते. कपाळावर घाम आला. "श्वास घ्या," ते स्वतःलाच म्हणाले. "धरा."

मी धरला. एल त्यांना सापडला की नाही, मला सांगता येणार नाही. तेवढ्यात जेवण घेऊन बाई आल्या, भेटीची वेळ संपली म्हणाल्या, आणि मला उठावं लागलं. दारातून वळून पाहिलं तेव्हा ट्रे बाजूला तसाच होता आणि काका मान इंचाइंचानं डावीकडे वळवत होते. गाडीत बसून मी मेधाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला तो त्या सुपरमार्केटातला.

"सोडा" ते म्हणाले असतील, तर ते ऐकायला मी तिथे नव्हते.